आधुनिक चीन शाळेतल्या शिक्षकांपर्यंत कसा पोचवावा?

रेवती_पुणे

नमस्कार मंडळी.

मी पुण्यातल्या एका सीबीएसई शाळेत अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. आसपासच्या काही शाळांनी मिळून शिक्षकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा ठरवली आहे आणि एक विषय माझ्या गळ्यात पडलाय: आधुनिक चीनचा इतिहास आणि संस्कृती. एनसीईआरटीच्या अकरावीच्या जागतिक इतिहासात शेवटी आधुनिकीकरणाच्या मार्गांवर धडा आहे, जपान आणि चीन एकत्र. जपान सगळे हौसेने शिकवतात. चीनची वेळ येते तेव्हा सराव परीक्षा दारात असते, मग तो गाइडमधून वाचून उरकला जातो.

येणारे शिक्षक तीस-पस्तीस. निम्मे इतिहासाचे, बाकी भूगोल, राज्यशास्त्र, इंग्रजीचे. बहुतेकांचा चीन दोन ठिकाणी सुरू होऊन तिथेच संपतो, १९६२ आणि कोविड. मधलं सगळं कोरं.

माझं मत असं की राजघराण्यांची जपमाळ ओढत बसू नये. १८३९ च्या अफूयुद्धापासून सुरुवात करून १९७८ च्या आर्थिक सुधारणांपर्यंत यावं. तुम्ही काय घ्याल, काय गाळाल? कोणी तिथे राहिलंय, शिकलंय, धंदा केलाय? बजेटचं विचारू नका. चहा-बिस्किटं शाळेकडून आहेत.

खवचट_काका

एक स्लाइड पुरे. डावीकडे ‘हिंदी चिनी भाई भाई’, उजवीकडे ‘बाय बाय’. उरलेला पावणेदोन दिवस चहा-बिस्किटं. (कृहघ्या, म्हणजे कृपया हलकेच घ्या.)

जर्सीची_मास्तरीण

रेवती, मी न्यू जर्सीत सरकारी शाळेत नववी-दहावीला जागतिक इतिहास शिकवते. इकडे नेमक्या याच कामासाठी ‘नॅशनल कन्सॉर्शियम फॉर टीचिंग अबाउट एशिया’ ही व्यवस्था १९९८ पासून आहे. पैसा फ्रीमन फाउंडेशनचा, वर्ग चालवणार कोलंबिया, इंडियाना, पिट्सबर्ग अशी विद्यापीठं. मी केलेला वर्ग साधारण तीस तासांचा होता, शाळा सुटल्यावर संध्याकाळी. शिक्षकांना फुकट, वर पुस्तकंही मिळाली. बदल्यात आपल्या वर्गात वापरता येईल असा एक पाठ तयार करून द्यायचा.

त्यात मला सगळ्यात उपयोगी पडली ती जोडी. प्रत्येक वेळी एक चीनचा अभ्यासक आणि एक अनेक वर्षं शाळेत शिकवलेला शिक्षक, दोघे एकत्र. अभ्यासक बोलून झाला की दुसरा विचारायचा, ‘बरं, आता हे पंचेचाळीस मिनिटांत पंधरा वर्षांच्या पोरांसमोर कसं मांडाल?’ नुसते प्राध्यापक बोलावलेस तर दुपारी जेवणानंतर सगळे डुलक्या घेतील.

मी अजूनही दरवर्षी वापरते तो पाठ सांगते. चीनचा १९५० चा विवाह कायदा. १ मे १९५० पासून लागू, म्हणजे जूनमध्ये आलेल्या जमीन सुधारणा कायद्याच्याही आधी. सक्तीची लग्नं, बालपणी ठरवलेली लग्नं, रखेल ठेवणं, विधवेच्या पुनर्विवाहात आडकाठी, लग्नात पैसे-वस्तू उकळणं, सगळं बेकायदा. वय मुलाचं किमान २०, मुलीचं १८. पहिली काही कलमं वाचायला दहा मिनिटं लागतात. मग मुलांना एकच प्रश्न: यादवी नुकतीच संपलीय, तिजोरी रिकामी, आणि नवं सरकार आधी लोकांच्या लग्नात का हात घालतंय? तास कसा संपतो कळत नाही.

तुमच्याकडे तर शेजारी हिंदू विवाह कायदा ठेवता येईल. १९५५, मुलगा १८, मुलगी १५. दोन नवी राष्ट्रं, पाच वर्षांचं अंतर. शिक्षकांना हे दोन कागद वाचायला दे आणि तू गप्प बस.

गिरीश_सातारकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्या पोरांना पानिपताच्या आधीचं धड माहीत नसतं, आणि आपण शिक्षकांना चिनी संस्कृती शिकवायला निघालोय. गलवानला अजून फार वर्षं झाली नाहीत. ज्यांनी आपले वीस जवान मारले त्यांचे सण-उत्सव कौतुकाने शिकवायचे?

माझगावकर

@गिरीश, कौतुकाने कोण म्हणालं? तुमच्याच साताऱ्या-कराडकडचे यशवंतराव नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून आपण अजून छाती फुगवतो. पण समोर कोण उभा होता, तो त्या वेळी घरात कुठल्या संकटातून जात होता, हे आपल्या एकाही भाषणात नसतं. १९६२ ला चीन भयानक दुष्काळातून जेमतेम बाहेर येत होता. हे माहीत नसेल तर युद्धही नीट कळत नाही.

आता रेवतीताईंना. अफूयुद्ध चीनच्या कँटन बंदरापासून सुरू करू नका, मुंबईच्या गोदीपासून करा. माळव्याची अफू इथूनच जहाजात चढायची. जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी स्वतः चीनच्या फेऱ्या करून आले, जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश कंपनीशी त्यांचा व्यवहार होता, कापूस आणि अफू. १८३९ मध्ये लिन झेशू या बादशाही अधिकाऱ्याने हूमेनला वीस हजारांहून जास्त पेट्या अफू नष्ट केली, त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचाही माल होता. १८४२ मध्ये नानकिंगचा तह होऊन हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं, आणि त्याच वर्षी जमशेटजी ‘सर’ झाले. जेजे हॉस्पिटलच्या दारावरून रोज जाणाऱ्या शिक्षकाला हे सांगून बघा. पारशी बायकांच्या गारा साड्यांवरचं भरतकामही याच व्यापारातून आलं. संस्कृतीचा तास तिथेच झाला.

खवचट_काका

म्हणजे चीनला व्यसन लावलं आपण आणि दवाखाना बांधला भायखळ्यात. पत्ता चुकला वाटतं.

शब्दवेडी

वाचनखूण साठवली. @माझगावकर, गाराबद्दल वेगळा धागा काढा ना प्लीज.

सोलापुरी_चादर

एवढे प्रतिसाद झाले आणि डॉ. कोटणिसांचं नाव नाही? आमच्या सोलापूरचे. जन्म १९१०, शिक्षण मुंबईच्या जीएस मेडिकलला. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं त्यात गेले. बाकीचे परतले, हे राहिले. बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. त्यांची समाधी शिजियाझुआंगला आहे. चीनचा मोठा नेता भारतात आला की कोटणीस कुटुंबाची भेट घेण्याची प्रथा अनेक वर्षं होती. इकडे आमच्या शहरात त्यांच्या घरात स्मारक आहे, शाळांच्या सहली न्या तिथे. कार्यशाळेचा पहिला तास त्यांचाच हवा.

ईशान_दिल्ली

मी चीनवर संशोधन करतो, दिल्लीत. दोन मुद्द्यांवर असहमत.

कोटणीस जरूर घ्या, पण ‘आपला माणूस तिकडे देव झाला’ एवढ्यावर थांबू नका, कारण मग तो तास सोलापूरचा होतो, चीनचा राहत नाही. ते गेले कुठल्या चीनमध्ये? जुलै १९३७ मध्ये जपानचं पूर्ण आक्रमण सुरू झालं, डिसेंबरात नानजिंगचं हत्याकांड. पथक आधी हानकौला पोचलं, जिथे राष्ट्रवादी पक्षाच्या च्यांग काय-शेकचं सरकार होतं, आणि १९३९ मध्ये येनानला, कम्युनिस्ट नेते माओच्या तळावर. एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन पक्ष त्या क्षणी कागदोपत्री मित्र होते. का? डिसेंबर १९३६ मध्ये शीआनला च्यांगना त्यांच्याच सेनापतीने धरून ठेवलं आणि जपानविरुद्ध एकत्र यायला लावलं म्हणून. कोटणिसांचा प्रवास नकाशावर काढला की हे सगळं आपोआप येतं. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, वयाने ज्येष्ठ. त्यांचं नाव कोणी घेत नाही.

दुसरा मुद्दा मूळ प्रश्नावर. १८३९ पासून सुरुवात करणं हे दिसतं तितकं निरुपद्रवी नाही. अफूयुद्ध ते १९४९ म्हणजे ‘अपमानाचं शतक’, आणि मग कम्युनिस्ट पक्षाने देशाला उभं केलं, ही आजच्या चिनी सरकारची आवडती मांडणी आहे. तिथल्या शाळेतली मुलं हेच शिकतात. अपमान खोटा नव्हता. पण त्या मांडणीत सगळं संकट बाहेरून येतं. ताइपिंग बंड, १८५० ते १८६४, अंदाजे दोन कोटी मेले, ते चिन्यांनीच चिन्यांविरुद्ध लढलं. त्याच्या मुळाशी लोकसंख्या, जमिनीची ओढाताण, आणि राजसेवेच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला होंग श्यूछ्वान नावाचा एक खेड्यातला मास्तर होता, जो स्वतःला येशूचा धाकटा भाऊ समजू लागला.

शिक्षकांसमोर बोलायचं तर मी १९०५ पासून सुरू करेन. त्या वर्षी राजसेवेच्या परीक्षा बंद झाल्या. तेराशे वर्षं जवळजवळ अखंड चाललेली शिडी एका हुकुमात काढून घेतली. जन्मभर त्या परीक्षेसाठी पाठांतर केलेल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी काय करायचं? हा प्रश्न एखाद्या मास्तराला विचारा, त्याला समजावून सांगावं लागणार नाही. सहा वर्षांनी, ऑक्टोबर १९११ मध्ये, वूचांगला उठाव झाला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत बादशाही संपली.

खवचट_काका

नापास झालेल्या मास्तराने बंड केलं हे आमच्या मुख्याध्यापकांना दाखवू का? टीईटीचे निकाल लागायचेत.

रेवती_पुणे

@ईशान, परीक्षेचा धागा डोक्यात बसला. १८३९ बद्दल मात्र विचार करते. पुस्तकातला धडा त्याच क्रमाने जातो आणि शेवटी पेपरही त्यावरच असतो, त्यामुळे ते पूर्ण सोडता येणार नाही. माझगावकरांची मुंबई आणि तुझं ताइपिंग शेजारी ठेवलं तर?

@मास्तरीण, विवाह कायदा घेतेच. पुढे त्याचं काय झालं? नुसता कायदा वाचला तर माओ समाजसुधारक वाटतील.

जर्सीची_मास्तरीण

बरोबर पकडलंस. अंमलबजावणीत गावोगाव रक्तपात झाला. घटस्फोट मागणाऱ्या बायकांना मारलं, कित्येकींनी जीव दिला, आणि स्थानिक कार्यकर्ते बऱ्याचदा नवऱ्यांच्याच बाजूने. १९५३ मध्ये प्रचाराची मोठी मोहीम झाली आणि नंतर सरकारने हात आखडता घेतला. मी दुसऱ्या तासाला हे आणते. पहिल्या तासाला सांगितलं तर मुलं कायद्याचा विचारच करत नाहीत, ‘वाईट सरकार’ म्हणून मोकळी होतात.

माझ्या वर्गात चिनी आडनावाची बरीच मुलं आहेत. एकाचे आजोबा १९४९ मध्ये च्यांगच्या फौजेबरोबर तैवानला पळाले, एकीचे आजी-आजोबा हाँगकाँगचे, एकीचे आईवडील फूच्येनमधून नव्वदच्या दशकात आले. १ ऑक्टोबर १९४९, म्हणजे माओंनी नव्या चीनची घोषणा केली त्या एका तारखेवर तिघांच्या घरी तीन गोष्टी. ‘चीन म्हणतो’, ‘चिनी लोक मानतात’ अशी वाक्यं मी तेव्हापासून लिहिणं सोडलं.

मालवाहू

मी व्यापारी माणूस, इतिहासातलं ओ की ठो कळत नाही. यीवू आणि क्वांगचौला (जुनं कँटन) माल घ्यायला जातो. क्वांगचौची व्यापारी जत्रा १९५७ पासून भरते हे मलाही तिथेच कळलं, म्हणजे माओच्या काळातही धंदा पूर्ण बंद नव्हता. गणपतीच्या दिव्यांच्या माळा, मखराची फुलं, सगळं तिकडचं. शिव्या घालत विकत घेतो आपण.

शिक्षकांना हे सांगा की त्यांच्या वसंतोत्सवाच्या (चिनी नववर्षाच्या) आधी ऑर्डर गेली नाही तर माल महिनाभर लटकतो. कारखान्यातला कामगार म्हणजे दूरच्या गावचा माणूस. तो वर्षातून एकदाच घरी जातो आणि तेव्हा अख्खा देश रेल्वेत असतो. पोरं गावी आजीकडे. एका कारखान्याच्या बाईने मला फोनवर मुलाचा फोटो दाखवला, मी म्हटलं शाळा इथे जवळच दिसतेय की, तर हसली. तिथे गावाची नोंद असते, तिला हूकौ म्हणतात, ती शहराची नसेल तर पोराची शाळा-कॉलेजची परीक्षा सगळी अडते.

आणि शेनचेन शहर म्हणजे ‘मच्छीमारांचं खेडं होतं, १९८० मध्ये जादू झाली’ असं सगळीकडे लिहितात. तिथले जुने लोक चिडतात. तालुका होता तो, बाजारपेठ होती, लाखांत लोकवस्ती होती.

गुरुजी_बीडकर

बरेच दिवस नुसता वाचक होतो, मालवाहूंचा प्रतिसाद वाचून लॉगिन केलं.

मी जिल्हा परिषद शाळेत आहे. दिवाळी झाली की माझ्या वर्गातली निम्मी मुलं दिसेनाशी होतात. आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर, काही पोरं सोबत जातात, काही आजीजवळ राहतात. पट असतो, पोरं नसतात. चीनमध्ये आईबाप शहरात आणि पोरं आजीजवळ अशी कोट्यवधी मुलं आहेत हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण कधी जोडून पाहिलं नव्हतं. फरक आहेच. आपल्याकडे कागद आडवा येत नाही, पोटच आडवं येतं. तिकडे १९५८ च्या नियमाने गावचा माणूस गावाला बांधला, आणि पुढे शहराला मजूर लागले तेव्हा माणूस घेतला, नोंद नाही घेतली. हे माझ्या शाळेतल्या कुठल्याही बाईंना पाच मिनिटांत समजेल. माओ, च्यांग, देंग यांच्या तारखा नाही समजणार, आणि समजल्या तरी टिकणार नाहीत.

अजून एक. आमच्या प्रशिक्षणात जे येतं ते पीपीटी. सुलभक वाचतो, आपण सही करतो, फोटो निघतो. वर दिलेल्या सगळ्या चांगल्या गोष्टी इंग्रजीत आहेत. मॅडम, तुमच्या सीबीएसईवाल्यांना चालेल, पण तुम्ही तो विवाह कायदा आणि परीक्षेवरचं काही दोन-चार पानांत मराठीत करून इथे टाकलंत तर बीडमधल्या आमच्यासारख्यांनाही होईल.

शब्दवेडी

गुरुजी, प्रतिसाद फार आवडला. पट आहे, पोरं नाहीत...

कुनमिंगचा_डॉक्टर

मी एमबीबीएस चीनमध्ये केलं, शेवटी कोविडमुळे ऑनलाइन. शिक्षकांना काय सांगाल विचारलंत तर: गरम पाण्याचा थर्मास, दुपारची झोप (ऑफिसातसुद्धा), छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई. आणि परीक्षा. जूनमध्ये काओखाव, म्हणजे कॉलेजप्रवेशाची परीक्षा, असते तेव्हा केंद्राबाहेर पोलीस हॉर्न वाजवू देत नाहीत. २०२४ ला १ कोटी ३४ लाख मुलं बसली होती. आपली मेडिकलची ‘नीट’ परीक्षा लहान वाटते.

तिकडे मंचुरियन मागू नका एवढंच. कोणालाच माहीत नाही.

माझगावकर

मंचुरियन मुंबईचं! सीसीआयच्या (क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या) स्वयंपाकघरात नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये केलं असं सांगतात, आणि ते कोलकात्याच्या चिनी कुटुंबातले. म्हणजे चायनीज गाडीवरून थेट भारतातल्या चिनी लोकांचा इतिहास निघतो. आमच्या माझगावला डॉकयार्ड रोडजवळ १९१९ चं सी यिप मंदिर आहे, क्वान कुंग या चिनी देवाचं, वरच्या मजल्यावर. १९६२ नंतर भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं, त्यात इथेच जन्मलेली मुलंसुद्धा. हे आमच्या कुठल्याही शाळेत कोणी शिकवलं नाही.

गिरीश_सातारकर

देवळीचं माहीत नव्हतं. युद्धात संशयितांना ताब्यात घेतात, सगळेच देश घेतात, तरी लहान मुलं... असो.

माझा आक्षेप थोडा बदलून मांडतो. शिकवा, पण गोड शिकवू नका. हे सण, थर्मास, भिंतीवर लावायचे चिनी पोस्टर ठीक. दुष्काळ? सांस्कृतिक क्रांती? १९८९ ला तियानमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडलं ते? ते दोन दिवसांत येणार की वेळ संपली म्हणून गाळणार?

ईशान_दिल्ली

@गिरीश, या आक्षेपाशी पूर्ण सहमत. वेळ संपली की नेमकं तेच गळतं.

१९५८ ते ६१ चा दुष्काळ. मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटीपर्यंत जातात. हा फरक का, हाच शिक्षकांसाठी पाठ. जनगणनेतला खड्डा मोजायचा कसा, न जन्मलेली मुलं धरायची का, स्थानिक कार्यालयांनी खोटे आकडे दिले तर मूळ कागदावर विश्वास किती. उत्पादनाचे फुगवलेले आकडे वर गेले, त्या आकड्यांवर धान्याची वसुली झाली, आणि ज्यांनी पिकवलं तेच उपाशी मेले. वर पत्रक भरून पाठवणं ही गोष्ट आपल्या शिक्षकांना कोणी शिकवायला नको.

अमर्त्य सेन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे की स्वतंत्र वृत्तपत्रं आणि विरोधी पक्ष असलेल्या देशात असा दुष्काळ पडत नाही, म्हणून स्वतंत्र भारतात पडला नाही. ते वाक्य आपण आनंदाने घेतो. त्यांचंच दुसरं म्हणणं आपण सोडतो: एरवीच्या वर्षांत आरोग्य आणि साक्षरतेत चीन इतका पुढे होता की भारतात दुष्काळाविना, गाजावाजा न होता, जास्त माणसं मरत राहिली. दोन्ही एकाच फळ्यावर लिहा आणि स्टाफरूममध्ये भांडण लागू द्या.

जर्सीची_मास्तरीण

पोस्टरवरून गिरीशरावांनी टोमणा मारला म्हणून. पोस्टर गोड नसतं हो! १९५८ च्या चिमण्या मारा मोहिमेचं पोस्टर दाखवा. गोंडस मुलगा, हातात बेचकी. वर्ग हसतो. मग विचारायचं: हे कोणी छापलं, कोणासाठी, चित्रात काय नाही? चिमण्या गेल्या, किडे वाढले, आणि १९६० ला मारायच्या चार जीवांच्या यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. आम्सटरडॅमच्या समाज-इतिहास संस्थेत अशा पोस्टरांचा प्रचंड साठा आहे आणि बराचसा इंटरनेटवर बघता येतो. कोलंबिया विद्यापीठाचं ‘एशिया फॉर एज्युकेटर्स’ हे संकेतस्थळ शिक्षकांसाठीच आहे, मूळ कागदांचे उतारे आणि खाली प्रश्न. १९८९ चीही सामग्री मिळते. तीही फुकट.

हिंदीप्रेमी_नागपूर

एक भर. १९०० च्या बॉक्सर बंडात (परकीयांविरुद्धच्या उठावात) आठ राष्ट्रांच्या फौजा पेकिंगमध्ये घुसल्या, त्यात ब्रिटिशांच्या बाजूने आपले शिपाई होते. त्यातल्या ठाकूर गदाधर सिंह या राजपूत पलटणीतल्या शिपायाने ‘चीन में तेरह मास’ हे हिंदी पुस्तक १९०२ मध्ये छापलं. गोऱ्या फौजांची लूट, अत्याचार बघून त्याला चिन्यांची कीव आली, आणि आपण कोणाच्या वतीने लढतोय हा प्रश्न त्यात डोकावतो. चीनवरचं भारतीय माणसाचं लेखन, तेही हिंदीत, म्हणजे इंग्रजीची अडचणही नाही. गुरुजी, हे तुम्हाला चालेल.

तसंच १९१९. १३ एप्रिलला जालियनवाला, ४ मेला पेकिंगमध्ये तीनेक हजार विद्यार्थी रस्त्यावर, कारण पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या वाटाघाटीत शांतुंगमधले जर्मनीचे हक्क चीनला परत न देता जपानला दिले. दोन्ही देशांनी त्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूला माणसं पाठवली होती. फळ्यावर शेजारी शेजारी दोन तारखा.

खवचट_काका

आतापर्यंत जमलेली यादी शिकवायला दोन दिवस नाही, दोन पंचवार्षिक योजना लागतील. आणि अर्धे शिक्षक बीएलओ (मतदार यादीच्या) ड्यूटीवर असतील.

रेवती_पुणे

काका म्हणतात ते खरं. म्हणून आज बसून कात्री चालवली.

पहिला दिवस सगळा परीक्षेवर. सकाळी १९०५, त्याला जोडून होंग श्यूछ्वान. दुपारी १९६६ ते ७६, म्हणजे सांस्कृतिक क्रांती: शाळा-विद्यापीठं काही वर्षं बंद, शिक्षकांच्या गळ्यात पाट्या, शहरातली पोरं खेड्यात. मग १९७७ चा डिसेंबर. काओखाव पुन्हा सुरू झाली तेव्हा ५७ लाख लोक बसले, जागा मिळाली पावणेतीन लाखांच्या आसपास. पंचविशी-तिशीतली, शेतात राबून हाताला घट्टे पडलेली माणसं आणि नुकते शाळेतून निघालेले, एकच पेपर. शेवटी मालवाहूंच्या बाईचा मुलगा, म्हणजे हूकौ. गुरुजी, इथे तुमचा ऊसतोडीचा मुद्दा घेऊ का? तुमच्या नावाने.

दुसरा दिवस कागद वाचायचा. विवाह कायदा, चिमणीचं पोस्टर, दुष्काळाचे तीन वेगळे अंदाज, तियानमेन. अफूयुद्ध जेवणाआधी तासभर, मुंबईच्या गोदीतून. कोटणीस नकाशावर, भूगोलाच्या बाईंकडे देते.

गाळलं: राजघराणी, लाँग मार्चचे टप्पे, पक्षाच्या काँग्रेसच्या तारखा, आणि माफ करा, मंचुरियन.

सोलापुरी_चादर

कोटणीस भूगोलात! बरं, नकाशा मी करून देतो. हाँगकाँग, हानकौ, चोंगछिंग, येनान, मग हबै प्रांत. चोळकरही टाकतो.

गुरुजी_बीडकर

खुशाल घ्या. नाव नको, ‘बीडचे एक शिक्षक’ पुरे. गावाचं नाव तर अजिबात नको, वरून फोन येतो.

मराठी पानांचं काय ठरलं?

शब्दवेडी

विवाह कायद्याची पहिली पाच कलमं मी मराठीत करते. इंग्रजीवरून करणार, त्यामुळे ईशान, मूळ चिनीशी ताडून द्याल का?

ईशान_दिल्ली

देतो. १९७७ च्या परीक्षेतले निबंधाचे विषयही पाठवतो, प्रांताप्रांतात वेगळे होते. शिक्षकांना त्यातल्या एकावर दहा मिनिटं लिहायला लावा. आणि नावं कशी उच्चारायची याची एक ध्वनिफीत हवी, नाहीतर अर्धे शिक्षक नाव घ्यावं लागू नये म्हणून ‘तो नेता’ म्हणत राहतात.

गिरीश_सातारकर

१९६२ कुठे बसवलंय यादीत?

रेवती_पुणे

नाही बसवलं. ते सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी दुष्काळाला लागूनच घ्यावं लागेल, देवळीसकट. अर्धा तास काढते. तुम्ही टिपण लिहून द्याल का?

गिरीश_सातारकर

देतो. यशवंतराव येणारच त्यात, सांगून ठेवतो.

गुरुजी_बीडकर

तारीख कोणती धरलीय? बाहेरच्या शाळेच्या माणसाला येऊन मागे बसता येईल का? शनिवार-रविवार असेल तर रजा टाकावी लागणार नाही.

रेवती_पुणे

शुक्रवार-शनिवार आहे गुरुजी. शुक्रवारचं काही जमतंय का बघा, शाळेच्या लेटरहेडवर निमंत्रणपत्र पाठवते. मागे बसायचं नाही मात्र, हूकौचा तास तुम्हीच घ्यायचा.

गुरुजी_बीडकर

पत्र पाठवा. मुख्याध्यापकांशी बोलतो.